कन्यादानापुरते हात

मुलीच्या लग्नात बापाचे फक्त दोन हात लागतात. बाकीचा बाप मंडपात कुठेही बसला, रडला, डुलक्या काढत राहिला, तरी कोणाचं काही अडत नाही. पण जावयाचे पाय धुताना आणि कन्यादानाच्या वेळी कॅमेरावाला त्या दोन हातांच्या इतका जवळ येतो, की नखातली माती ब्रिस्बेनमध्ये दिसते. आमच्या रोशिकाचं सासर नेमकं ब्रिस्बेनचं. शिवाय ऑकलंडचे चुलत सासरे आणि सॅक्रामेंटोची आतेसासू ही मंडळी घरबसल्या फोनवर लग्न बघणार होती.

माझे हात बघण्यासारखे नव्हते. तीस वर्षं शाळेत खडू आणि बावीस वर्षं रामायण मंडळीत यंगोना, एवढंच माझं चरित्र. मंडळीचा मी सेक्रेटरी. दर मंगळवारी दोन तास पाठ आणि चार तास यंगोना, अशी आमची उपासना. मुळी कुटून पाण्यात कालवायची, तानोआ नावाच्या लाकडी परातीभोवती मांडी घालून बसायचं, आपली पाळी आली की टाळी वाजवून करवंटी एका दमात रिकामी करायची. जीभ बधिर होते, मन शांत होतं, आणि घरी बायको अशांत होते. वर्षानुवर्षं प्यायलं की कातडीवर खवले येतात. त्याला आमच्या बेटांवर कनी म्हणतात. माझ्या मनगटांपासून दंडांपर्यंत कनी अशी पसरली होती, की माझी पावणेदोन वर्षांची नात आर्वी झोपण्याआधी एकेक खवला नखाने सोलून बघायची आणि मग तो मलाच भरवायची.

आर्वी आईजवळ झोपत नसे, आजीजवळ झोपत नसे. दुपारी एक वाजता व्हरांड्यातल्या गादीवर मी डावा हात पसरला, की ती "निन्नी, निन्नी" म्हणत दंडावर डोकं ठेवायची, दोनदा गाल घासायची आणि पाच मिनिटांत गाढ. मी मुख्याध्यापक झालो तेव्हाही मला एवढा अभिमान वाटला नव्हता. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी बोटानेच गप्प बसवायचो, आणि ती झोपली असल्याचं मुद्दाम दाखवायचो.

"अहो, या हातांनी जावयाचे पाय धुणार?" माझी बायको राजमती म्हणाली. "सोलून निघतील पोराचे पाय."

आरोग्य केंद्रातली नर्स म्हणाली, यंगोना दोन महिने बंद करा, कनी आपोआप जाईल. ही फी न घेता दिलेली शिक्षा झाली. शेजारचा अपिसाई मात्र माझ्या बाजूचा. तो माल वाहायचा ट्रक चालवतो, चर्चला जातो, रामायणातलं त्याला एक अक्षर कळत नाही, पण बावीस वर्षांत त्याने आमचा एक मंगळवार चुकवलेला नाही. तो म्हणाला, "मास्टर, हातमोजे घाल. पांढरे. बँडवाले घालतात तसे." दुसऱ्या कोणी खोबरेल सांगितलं, तिसऱ्याने कच्ची पपई, आणि मंडळीचे अध्यक्ष, ज्यांच्या स्वतःच्या पिंढऱ्या सुसरीसारख्या आहेत, त्यांनी डिझेल सुचवलं.

मी मधला मार्ग काढला. घरी जाहीर केलं, की आजपासून यंगोना बंद. मंगळवारी करवंटी पुढे आली की मी सर्वांसमक्ष हात जोडायचो. बुधवार ते सोमवार अपिसाईच्या गॅरेजमध्ये प्यायचो. आणि बाजारात केसांच्या पिना विकणाऱ्या एका बाईकडून, टोपी डोळ्यांवर ओढून, क्रीमची डबी आणली.

"हे गोरं व्हायचं नाही हां, मास्टर," बाई म्हणाली. "हे मेडिकल आहे. डाग, खवले, सगळं जातं. रंग उजळला तर तो वरकड फायदा."

डबीला सोनेरी झाकण, त्यावर कमळ, आणि खाली अशी लिपी, की जी तिला, मला आणि बहुधा छापणाऱ्यालाही वाचता येत नसावी. आत काय आहे याचा पत्ता नाही. न वाचता सही करू नका, असं मी तीस वर्षं पोरांना शिकवत आलो. पण क्रीमवर कुठे सही करायची असते!

नवव्या दिवशी खवले गळाले. पंधराव्या दिवशी खालून अशी कातडी निघाली, की ती माझीच आहे यावर माझा विश्वास बसेना. राजमतीने माझा हात उजेडात धरून उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "बघा, यंगोना सोडल्याचा गुण!" मंडळीत माझ्या संयमाचा दाखला दिला गेला. अध्यक्षांनी चौपाईच्या मध्येच थांबून माझं नाव घेतलं. अशा वेळी माणूस काय करणार? मी मान खाली घालून तो सन्मान स्वीकारला.

पण एक अडचण निघाली. मनगटं जावयाची आणि मान सासऱ्याची, असं माझं रूप दिसायला लागलं. म्हणून क्रीम दंडावर गेलं. दंडावरून खांद्यावर, खांद्यावरून छातीवर, छातीवरून गळ्यापर्यंत. तीन डब्या झाल्या. रोज आंघोळीनंतर, दुपारी जेवायच्या आधी, मी दार लावून रंगकाम करायचो. बाजारात माझा एक जुना विद्यार्थी ओरडून म्हणाला, "मास्टर, मुलीच्या आधी तुमचंच उरकताय काय?" भाजीवाल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी वांगी न घेताच परतलो.

पाचव्या आठवड्यात हात थरथरायला लागले. तोंडात तांब्याचं भांडं चाटल्यासारखी चव. पायांना सूज, आणि राग असा, की रेडिओवरच्या बातम्यांशी मी भांडायचो. नर्सने ऐकून घेतलं आणि हसली. "बावीस वर्षांची सवय एकदम सोडलीत, शरीर मागणारच." अपिसाईला ठाऊक होतं की मी काही सोडलेलं नाही, पण त्याला क्रीमचं ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "मंगळवारचा खाडा पडतो ना, त्याने होतं." आमच्या गावात माणसाला काहीही झालं तरी कारण एकच असतं. तो यंगोना पितो, किंवा त्याने तो सोडला.

त्याच सुमारास आर्वीचे तळवे गुलाबी झाले.

आधी सगळ्यांना आनंदच झाला. राजमती तिला उचलून शेजारणींना दाखवत सुटली. "रंग उघडतोय हो माझ्या बाईचा. आत्याच्या लग्नात परी दिसेल परी." मग तळव्यांची सालं निघायला लागली. अपिसाईने तिचा हात आपल्या पंजात घेऊन पाहिला आणि म्हणाला, "मास्टर, या पोरीला कनी झाली! कोण पाजतंय हिला?" सगळे हसले. सर्वांत मोठ्याने मी हसलो.

आर्वी घामाने भिजायची. उजेडात नेलं की डोळे मिटून किंचाळायची. स्वतःचे केस ओढायची, हात एकमेकांवर चोळायची, जेवण थुंकायची. लग्नघरात पाहुणे, तंबू, भांडी, यात कोणाला वेळ? दात येताहेत, दृष्ट लागली, आईचं लक्ष नाही, अशी तीन निदानं झाली. माझ्या दंडावर मात्र ती अजूनही शांत व्हायची. म्हणून मी सगळं बाजूला ठेवून दुपारी दोन-दोन, तीन-तीन तास तिला हातावर घेऊन बसायचो, आणि तिच्या आईला ऐकू जाईल असं म्हणायचो, "या घरात पोरीला समजून घेणारा मी एकटाच."

लग्न झालं. माझे हात कॅमेऱ्यात फार सुंदर दिसले म्हणतात. पाय धुताना ते इतके थरथरले, की तांब्यातलं निम्मं पाणी जावयाच्या पायांवर आणि निम्मं त्याच्या मांडीवर गेलं. ब्रिस्बेनच्या बायका रडल्या. "बाप किती हळवा!" असा तिकडून निरोप आला. आर्वी त्या दिवशी कोणाच्या तरी मांडीवर पडून होती. वरात गेल्यावर तिसऱ्या दिवशी तिला जमिनीवर उभं केलं, तर पाय दुमडून ती खालीच बसली. पुन्हा उभं केलं, पुन्हा बसली.

मोठ्या इस्पितळात बालविभागाची डॉक्टर सालोते. सहावीत माझ्या वर्गात होती. मला पाहून ती खुर्चीतून उठली, आणि मी बसेपर्यंत बसली नाही. तिने आर्वीला तपासलं, रक्तदाब घेतला, पुन्हा घेतला. मग विचारलं, "घरात कोणी गोरं होण्याचं क्रीम वापरतं का? काही क्रीममध्ये पारा असतो. लावणाऱ्याच्या अंगातून, कपड्यांतून, गादीवरून तो लहान मुलांत जातो. मी अशी एक केस पाहिली आहे."

खोलीत आम्ही चौघे. राजमतीने सुनेकडे पाहिलं. माझा मुलगा प्रनील, जो नांदीच्या हॉटेलात कामाला असतो आणि शनिवारी घरी येतो, त्यानेही बायकोकडे पाहिलं. सून शिवनीता म्हणाली, "मी काही लावत नाही. खोबरेलसुद्धा नाही."

आणि मी? प्रश्न नीट वाचून तेवढ्याचंच उत्तर लिहा, असं मी पोरांना सांगत असे. डॉक्टरने गोरं होण्याच्या क्रीमबद्दल विचारलं होतं. माझं मेडिकल होतं. शिवाय खरं सांगायचं, तर यंगोनाचंही निघालं असतं, संयमाचंही निघालं असतं, आणि साठीचा मुख्याध्यापक दार लावून छातीला क्रीम चोळतो हे माझ्या विद्यार्थिनीपुढे निघालं असतं. मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत राहिलो.

त्याच संध्याकाळी मी उरलेली डबी आमच्याच घरी असणाऱ्या मंडळीच्या पेटीच्या लाकडी खोक्यात, भात्याच्या मागे लपवली. क्रीम बंद केलं. बंद केलं म्हणजे संपलं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

घरी चौकशी बसली. चौकशीचा अध्यक्ष कोण? अर्थात मी. शिवनीताची पावडर, काजळ, लग्नात घेतलेली लिपस्टिक, सगळं जेवणाच्या टेबलावर मांडलं गेलं. राजमती म्हणाली, "गोरं व्हायची एवढी हौस होती तर आधी सांगायचं. आम्ही तुला सावळी म्हणून कधी बोललो?" बोललो होतो, पुष्कळदा बोललो होतो. शिवनीता रडायची, देवाची शपथ घ्यायची. मी मुख्याध्यापकाच्या आवाजात म्हणायचो, "घाबरू नकोस, बेटी. खरं सांग. काय लावलंस?" असं एक दिवस नाही, रोज. आणि रोज दुपारी इस्पितळात जाऊन मी आर्वीला दंडावर घ्यायचो, कारण नर्सेस म्हणायच्या, आजोबा आले की ही गप्प होते.

अकराव्या दिवशी आर्वीला फिट आली. छोटं अंग ताठ झालं, डोळे वर गेले. सालोते आम्हाला बाहेर घेऊन आली. "लघवीचा नमुना ऑस्ट्रेलियाला गेलाय, रिपोर्टला अजून दोन आठवडे आहेत. पाराच असेल तर त्यावर औषध आहे. पण नसताना ते दिलं तर तिची किडनी जाऊ शकते. मला कोणीतरी नक्की सांगायला हवं." तिने दुसऱ्या तपासणीचा संमतीचा कागद माझ्यापुढे केला. प्रनीलला उभंच राहवत नव्हतं, म्हणून मी सही करायला घेतली. पेन कागदावर टिकेना. तिने माझं मनगट धरलं, सही नीट व्हावी म्हणून. मग धरूनच राहिली.

"सर," ती अगदी हळू म्हणाली, "घड्याळ जरा काढता?"

हे घड्याळ मला निरोपसमारंभात मिळालं. मी ते आंघोळीलाही काढत नाही. मी काढलं. पट्ट्याखाली माझी जुनी कातडी होती, काळी, खवल्यांची. आणि तिच्या दोन्ही बाजूंना तो दुसराच कोणाचा तरी हात. शिवनीता शेजारी उभी होती. तिने पाहिलं. सालोतेने डोळे खाली घातले. वर्गात चूक तिची असायची तेव्हा ती असंच करायची.

"डबी कुठे आहे, सर?"

डबी पेटीत होती, आणि पेटी घरी नव्हती. मंगळवार होता! पेटी पाठासाठी डोंगरापलीकडच्या वस्तीवर गेली होती. अपिसाईच्या ट्रकमधून, खड्ड्यांवर आपटत, आम्ही तिथे पोचलो तेव्हा पाठ ऐन रंगात. मी म्हणालो, पेटीचं खोकं द्या. कोणीतरी म्हणालं, "बसा मास्टर, दोहा पुरा होऊ द्या." सवयीने माझ्यापुढे करवंटी आली. सवयीने मी हात जोडले. मग माझं मलाच असह्य झालं. मी उठून खोकं ओढलं, भात्यामागून सोनेरी झाकणाची डबी काढली, आणि वाचणाऱ्याचा आवाज थांबला.

"हे काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझा संयम," मी म्हणालो.

सालोतेने रिपोर्टची वाट पाहिली नाही. माझ्या कबुलीवर आणि मनगटावर तिने औषध त्याच संध्याकाळी सुरू केलं. डबी मात्र सरकारी तपासणीला द्यायची होती. आरोग्य कार्यालयातल्या साहेबाने डबी उघडली, वास घेतला, बंद केली. "ही वापरलेली आहे. आम्हाला सीलबंद लागते." मी म्हटलं, सीलबंद असती तर मी कशाला आलो असतो? "पावतीही लागते. आणि अर्ज वापरणाऱ्याचा हवा, तुमचा नको." मी म्हटलं, वापरणारा मीच. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, मग अर्जावर लिंगाच्या रकान्यात त्याने आधीच केलेली खूण खोडली आणि नवा अर्ज आणायला आत गेला. मी बाजारात पिनांच्या बाईकडे गेलो. ती म्हणाली, तसलं काही मी ठेवतच नाही. तिच्या टेबलापाशी तीन मुली थांबल्या होत्या. मी जावं म्हणून थांबल्या होत्या. मी त्यांना सांगितलं, पोरींनो, माझी नात इस्पितळात आहे, ते यामुळेच. त्यातली एक म्हणाली, "तुम्हाला डुप्लिकेट मिळालं असेल, अंकल." दुसरीने माझ्या हाताकडे पाहून हळूच विचारलं, किती दिवसांत एवढा फरक पडला.

रिपोर्ट आला. आर्वीच्या लघवीत पारा होता, माझ्या लघवीत त्याच्या कितीतरी पट, राजमतीच्या आणि शिवनीताच्याही थोडा थोडा. माझी किडनी आता अर्धीच काम करते. तोंडाला कापड बांधलेली माणसं आली आणि व्हरांड्यातली गादी, उशा, माझे सगळे सदरे जाड पिशव्यांत भरून घेऊन गेली. गल्ली उभी राहून बघत होती. सालोतेने मला बजावलं, "तुमचा रिपोर्ट स्वच्छ येईपर्यंत तिला अंगावर घ्यायचं नाही, सर. कपड्यालासुद्धा लागू द्यायचं नाही. कितीही रडली तरी."

शिवनीता इस्पितळातून आर्वीला घेऊन सरळ राकिराकीला, माहेरी गेली. प्रनील आता शनिवारी तिकडेच जातो. आमच्या घरी कोणी भांडत नाही. राजमती ताट वाढते आणि आत निघून जाते.

चार महिन्यांनी मी बसने राकिराकीला गेलो. घडीचा नवा सदरा घालून, हातात काही न घेता. शिवनीता ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिने उठून बसायला वेताचा मोडा पुढे केला. सुनेची रीत तिने सोडली नव्हती.

"बेटी, मी माफी मागायला आलोय," मी म्हणालो.

ती तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "क्रीम तुम्ही लावलंत, बाबूजी, ते मी कधीच सोडून दिलं. कळत नव्हतं तुम्हाला. पण कळल्यावर अकरा दिवस रोज मला विचारत होतात ना, बेटी, खरं सांग. ते कसं विचारवलं हो तुम्हाला?"



आतून पावलांचा आवाज आला. आर्वी भिंतीला धरून येत होती. एक पाय टाकायची, थांबायची, दुसरा ओढून घ्यायची. तिने मला पाहिलं आणि भिंत सोडली. दोन्ही हात वर करून, डुगडुगत, ती म्हणाली, "आजा. निन्नी."

मी मोड्यावरून उठलो होतो. कधी उठलो कळलं नाही. शिवनीताने आर्वीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला होता. "डॉक्टरांनी सांगितलंय का? आता चालेल?"

एक शब्द पुरला असता. घरात दुसरं कोणी नव्हतं, सदरा नवा होता, आणि चार महिने झाले होते.

"नाही," मी म्हणालो. "माझा रिपोर्ट अजून स्वच्छ नाही. घेऊ नये मी तिला."

शिवनीताने तांदळाचं सूप खाली ठेवलं, आर्वीला उचललं आणि आत नेऊन दार ओढून घेतलं. मी चपला घातल्या आणि बसथांब्याकडे निघालो. आर्वी रडत होती आणि तिची आई तिला काहीतरी समजावत होती. ते मला रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकू येत होतं.